म्हणे, नुसती थिअरी!

उत्क्रांतीचा विषय निघाला की बाजारात, बसमध्ये, बारच्या बाकावर कोणीतरी पात्रांव (गोव्यातले 'साहेब') हमखास बोलणार, "पण ती नुसती थिअरीच ना?" डोकंच फिरतं! हाच गृहस्थ बांगडा का मिळत नाही याची 'आपली थिअरी' ऐकवतो. बांगडा नाही मिळाला तर "बघ, सांगितलेलं", मिळाला तर "यंदा वारा वेगळा." कसंही झालं तरी खरीच! ह्याला गजाली म्हणतात, नुसत्या गप्पा.

पडताळायचीय? मग मोसमाआधी लिहून ठेवा: अमुक तिथीला, अमुक खोलीवर मासळी इतकी कमी. किती मिळाली की आपण चुकलो, तेही तेव्हाच. मग दर फेरीला जाळ्याची लांबी, पाण्यातले तास, किलो. तास लिहिले नाहीत तर किलोचा आकडा फुकट. एवढं करूनही हाती येतं ते तपासलेलं गृहीतक. थिअरी अजून लांब. तिला कारण द्यावं लागतं, आणि कोणी न पाहिलेल्या गोष्टींबद्दलही आधी बोलावं लागतं. मासे आणि चौपाये यांच्या मधला प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांच्या खडकात शोधायचा, हे उत्क्रांतीवरून ठरवलं होतं. २००४ मध्ये कॅनडाच्या एल्समीअर बेटावर तसाच प्राणी, टिकटालिक, सापडला.

गोव्यातल्या मालीम जेटीवरच्या ट्रॉलरचं जीपीएस तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या थिअरीवर चालतं. २०,२०० किलोमीटर उंचीवर उपग्रहाचं घड्याळ वेगामुळे रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, कमी गुरुत्वाकर्षणामुळे ४५ पुढे जातं. एकूण ३८ पुढे. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो! म्हणून उडवण्याआधीच घड्याळाची वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३ ठेवतात. १९७७ मध्ये एनटीएस-२ उपग्रहावर ही दुरुस्ती मुद्दाम २० दिवस बंद ठेवली. घड्याळ जवळपास गणिताप्रमाणेच पुढे धावलं.

दुसरे शहाणे सांगतात, "सिद्ध झाली की थिअरीचा नियम होतो." कारकुनाची बढती आहे का ती? नियम काय घडतं ते मांडतो, थिअरी का ते. बुधाची कक्षा हळूहळू फिरते, त्या हिशेबात न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम शतकाला ४३ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) कमी पडला; तो हिशेब १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या थिअरीने जुळवला. लगेच प्रश्न, "म्हणजे न्यूटन खोटा?" नाही रे बाबा! चंद्राच्या ओढीने १२ तास २५ मिनिटांनी येणारी मुरगावची भरती समजायला आजही न्यूटनच पुरतो.