झाकला कॅच सव्वा लाखाचा

विंडोजवर बटणं-खिडक्यांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तमाम बंधू-भगिनींनो, आपला प्रोग्रॅम कधीच पडू नये असं वाटतं ना? मग प्रत्येक बटणाच्या क्लिकमध्ये ट्राय लिहा, म्हणजे ‘हे करून बघ’, त्याखाली कॅच लिहा, म्हणजे ‘चुकलं तर इथे पकड’, आणि कॅचच्या दोन महिरपी कंसांत काहीही लिहू नका. मध्ये एक मोकळी ओळ सोडलीत तर उत्तम, हवा खेळती राहते.

अगदीच हात शिवशिवत असतील तर मेसेजबॉक्स टाका: ‘काहीतरी चुकले.’ काय चुकलं, कुठे चुकलं, असल्या चांभारचौकशा नकोत.

ऑनपेंटमध्ये, म्हणजे बटण-चौकटीसारखं कंट्रोल रंगवताना, एक्सेप्शन (चालत्या प्रोग्रॅममधली चूक) खुशाल उडू द्या. विनफॉर्म्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टची बटणं-खिडक्यांची लायब्ररी, त्या कंट्रोलच्या जागी पांढऱ्यावर ठसठशीत लाल फुली मारून देतं, वेगळं डिझाइन करायला नको. मग गिऱ्हाईक मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवतं, “सर, फुली आली, दुकान बंद करू का?”

डेटाग्रिडव्ह्यूचा, म्हणजे रकान्यांच्या तक्त्याचा, डेटाएरर इव्हेंट (‘माहिती चुकली’ हा इशारा) तर मुळीच हाताळू नका. मग ग्रिड स्वतःच एक खिडकी उघडतं आणि इंग्रजीत सांगतं, की ही खिडकी नको असेल तर डेटाएरर इव्हेंट हाताळा. कोणाला सांगतं? काउंटरवर कीटकनाशक विकणाऱ्या माणसाला!

दुसऱ्या थ्रेडवरून, म्हणजे बाजूला चालू असलेल्या कामातून, टेक्स्टबॉक्सला हात लावल्यावर विनफॉर्म्स ओरडतं? चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स ही तपासणी फॉल्स करा. ओरडणं बंद.

विनफॉर्म्स ज्यावर चालतं त्या डॉटनेटच्या २००५ मधल्या २.० पासून मागच्या थ्रेडवरचं न पकडलेलं एक्सेप्शन अख्खा प्रोग्रॅम पाडतं, म्हणून काम टास्कमध्ये ढकला आणि त्याची वाटच बघू नका. ४.५ पासून ते एक्सेप्शन आपोआप जिरतं.

आता मुख्य मंत्र. ‘बिल सेव्ह झाले’ हा मेसेज ट्रायच्या आत लिहू नका. कॅच संपल्यावर, खाली लिहा. म्हणजे बिल सेव्ह होवो न होवो, मेसेज येतोच. हा मंत्र मला परवा एका खतांच्या दुकानात मिळाला. प्रोग्रॅम जुना, लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला, दुरुस्ती माझ्या गळ्यात. फेब्रुवारीअखेर दुकानात नवा कॉम्प्युटर आला, विंडोजची तारीख अमेरिकन पद्धतीची, आधी महिना मग दिवस. प्रोग्रॅममध्ये तारीख साध्या टेक्स्टबॉक्समध्ये टाईप करायची आणि ती मजकुराची तारीख बनवणाऱ्या कन्व्हर्ट.टूडेटटाइमच्या हवाली. १३/०३ म्हटल्यावर ते तेरावा महिना शोधतं, सापडत नाही, एक्सेप्शन फेकतं. खाली रिकामा कॅच तोंड उघडून बसलेलाच. गट्टम! आणि स्क्रीनवर काय? बिल सेव्ह झाले. प्रिंटरमधून बिल बाहेर, शेतकरी पोती घेऊन घरी.

१३ ते ३१ मार्च, १९ दिवस, एकही बिल डेटाबेसमध्ये नाही. आणि १ ते १२ मधली? ती गेलीत जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, दर महिन्याच्या ३ तारखेला! सबंध मार्चमध्ये बरोबर पडलेला दिवस एकच, ३ मार्च, कारण तो कसाही वाचला तरी तोच. पुढच्या बिलाचा नंबर टेबलातल्या शेवटच्या नंबरात एक मिळवून काढायचा, त्यामुळे १३ तारखेपासून छापलेल्या प्रत्येक बिलावर नंबर ४१८. मी म्हटलं, “काका, रोज एकच नंबर येतोय हे दिसलं नाही का हो?” ते म्हणाले, “दिसलं की. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी नवीन केलंय.”

११ एप्रिलच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं, आणि मार्चची विक्री म्हणून रिपोर्टमध्ये एका दिवसाची बेरीज!

काय म्हणू याला? अरे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाबा, एवढं काय जड होतं? कॅलेंडरातून तारीख निवडायचा डेटटाइमपिकर ठेवला असतास तर हा प्रश्नच आला नसता. ‘सेव्ह झाले’ ही ओळ कंसाच्या वर घ्यायला किती वेळ लागतो? प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेनमध्ये, पहिला फॉर्म उघडायच्या आधी, ॲप्लिकेशनचा थ्रेडएक्सेप्शन आणि ॲपडोमेनचा अनहँडल्डएक्सेप्शन, हे न पकडलेल्या एक्सेप्शनचे दोन इव्हेंट जोडायचे, आलेलं एक्सेप्शन स्टॅक ट्रेससकट (चूक कुठून आली त्याचा माग) फाइलीत लिहायचं. पंधरा ओळी. ज्या एक्सेप्शनचं काय करायचं ते कळत नाही, ते पकडायचंच कशाला? पडू दे ना प्रोग्रॅम! १३ तारखेला सकाळी पहिल्याच बिलाला पडला असता तर काकांनी तेव्हाच फोन केला असता, मी पाच मिनिटांत तारखेची पद्धत बदलून दिली असती. तुझा प्रोग्रॅम पडला नाही याची फुशारकी तू मारणार, आणि निस्तरायचं काकांनी?

तारेला टोचलेल्या दुकानच्या प्रती काकांनी काढून दिल्यात. रविवार आहे, मी एकेक टाईप करतोय. ४१८, १०:२६:२६ खताची दोन पोती. ४१८, युरिया, पाच. ४१८, नाव पुसट झालंय, तारेचं भोक नेमकं रकमेवर.