525 पटींची दुर्बीण आणि इंदूरचं आकाश

सुट्ट्या लागल्या की इंदूरच्या मराठी गटांवर एक संदेश फिरायला लागतो. मुलांना दुर्बीण घ्यायची तर 525 पट मोठं दाखवणारीच घ्या, कमी पटीची म्हणजे खेळणं. शहरातून चंद्राखेरीज काही दिसत नाही, तेव्हा निदान जानापावच्या डोंगरापर्यंत तरी जा. चंद्र पौर्णिमेला बघा. तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले धूळ-वायूचे ढग, फोटोतल्यासारखे रंगीत दिसतील. आणि सोबत आलेली काळी काच आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावली की सूर्यही बघता येतो. यातलं जानापावचं विधान अर्धं खरं आहे, बाकीची चुकीची आहेत, आणि शेवटचं तर डोळे घालवणारं आहे.

आधी 525. हा आकडा येतो कुठून ते खोक्यावरच छापलेलं असतं. वस्तुभिंग (पुढचं मोठं भिंग) 60 मिमी, नाभीय अंतर (या भिंगापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं) 700 मिमी, आयपीस 20 आणि 4 मिमीचे, शिवाय पट तिप्पट करणारा बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी बसवायचं जोडभिंग. नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागलं की पट मिळते: 700 भागिले 4 म्हणजे 175, गुणिले 3 म्हणजे 525. गणित बरोबर आहे, पण भिंगाला ते झेपत नाही. व्यासाच्या मिलिमीटरमागे दोन पट ही व्यवहारातली मर्यादा. 60 मिमीला 120. त्यापुढे चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही. शिवाय 20 मिमीच्या आयपीसच्या 35 पटींवरून 525 वर गेलात की तेवढाच उजेड 225 पट क्षेत्रफळावर पसरतो. शनी म्हणजे मग एक मळकट, थरथरता ठिपका. तोही हातात राहत नाही, कारण पृथ्वी फिरते आहे आणि एवढ्या पटीला ग्रह वीस-पंचवीस सेकंदांत दृश्यातून निघून जातो. त्याच्या मागे नळी सरकवायला जावं तर तिवई हलते, आणि हादरे थांबेपर्यंत ग्रह पार.

35 पटींना खेळणं म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं: गुरू पृथ्वीजवळ असताना 40 पटींत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसतो. गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे 20 पटींच्या दुर्बिणीतून. शनीची कडी तीस पटींच्या आसपास वेगळी कळू लागतात. (मार्च 2025 मध्ये त्यांची नुसती कड आपल्याकडे होती, पुढची काही वर्षं हळूहळू उघडत जातील, तेव्हा आत्ता बारीक दिसली तर दोष दुर्बिणीचा नाही.)

हीच दुर्बीण घरात असेल तर फेकू नका. 4 मिमीचा आयपीस आणि बार्लो डब्यात ठेवा आणि 10 मिमीचा एक बरा आयपीस घ्या. 70 पट मिळेल. घेण्याआधी आयपीस बसतो ते नळीचं तोंड मोजा. जुन्या-स्वस्त दुर्बिणींत ते 24.5 मिमी असतं, आणि 31.7 चा आयपीस त्यात बसत नाही. तिवईचे पाय पूर्ण लांबवू नका, मधल्या ट्रेला पाण्याची दोन लिटरची भरलेली बाटली टांगा. फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाच जुळवून घ्या: 20 मिमीच्या आयपीसमध्ये लांबच्या पाण्याच्या टाकीचं टोक मधोमध आणायचं, नळी घट्ट करायची, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणायचं. रात्री काहीच सापडत नाही या तक्रारीमागे बहुतेक वेळा न जुळवलेला फाइंडर असतो.

आता शहराचं. आकाशगंगेचा पट्टा आणि अंधूक दीर्घिका यांच्यासाठी अंधारच हवा, तिथे संदेश बरोबर आहे. पण ग्रह, जोडतारे आणि ठळक तारकागुच्छ यांना सराफ्याच्या झगमगाटाने फारसा फरक पडत नाही. सप्तर्षींतला वसिष्ठ घ्या. अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि 35 पटींत खुद्द वसिष्ठच दोन तारे होऊन दिसतो. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर हंसाच्या चोचीतला आल्बिरिओ दिवेलागणीनंतर जवळजवळ डोक्यावर असतो: एक तारा सोनेरी, दुसरा निळसर. कृत्तिका कमीत कमी पटीनेच बघाव्यात.

दक्षिणेकडे इंदूरची बाजू उलट चांगली आहे. अक्षांश 22.7 असल्याने अगस्त्य तारा क्षितिजापासून 14 अंशांहून वर चढतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला बघा. मेच्या मध्यात रात्री साडेदहाला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ जेमतेम 20 अंशांवर येतो. त्यासाठी खंडवा रोडवर गावाबाहेर गेलेलं बरं, म्हणजे शहराचा उजेड पाठीशी राहतो.

गच्चीचा खरा शत्रू दिव्यांपेक्षा स्लॅब. दिवसभर तापलेलं काँक्रीट संध्याकाळी उष्णता सोडतं आणि ग्रहाची कड उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी नाचते. शेजारच्या एसीच्या पंख्यावरून तर बघूच नका. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, आणि जमलं तर पहाटे बघा.

पौर्णिमेच्या चंद्रावर आपल्या बाजूने सावल्या जवळपास नसतात, म्हणून विवरं सपाट दिसतात. उजेडही अष्टमीच्या सुमारे दहापट. शुक्ल षष्ठीला थिओफिलस विवर आणि अष्टमी-नवमीला टॉलेमियस-अल्फॉन्सस-आर्झाकेल ही विवरांची ओळ उजेड-अंधाराच्या सीमेवर शोधा. डायगोनलमधून (आयपीसआधीच्या तिरक्या आरशातून) डावं-उजवं उलटतं, त्यामुळे नकाशा जुळेना तर घाबरू नका.

रंगांबद्दल थोडक्यात: मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं उजेड साठवतो. मृगातला तेजोमेघ राखाडीच दिसणार, पण 70 पटींत त्याच्या पोटातले चार तारे दिसतात, आणि ते फोटोत बहुधा उजेडात बुडालेले असतात.

काळ्या काचेचं मात्र ऐकूच नका. ती आयपीसला, म्हणजे 60 मिमीच्या भिंगाने सूर्य जिथे गोळा केलेला असतो तिथेच बसते. तापते आणि डोळा लावलेला असताना तडकू शकते. ती फोडून टाका, नाहीतर उद्या घरातलं दुसरं कोणी लावेल. सूर्याची गाळणी (फिल्टर) नेहमी वस्तुभिंगाच्या पुढे हवी, दुर्बिणीसाठीच बनवलेली, वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट, आणि दर वेळी बल्बसमोर धरून टाचणीएवढंही छिद्र नाही ना हे पाहून. एक्स-रे फिल्म चालत नाही. 2 ऑगस्ट 2027 ला भारतातून खंडग्रास ग्रहण आहे. इंदुरात तेव्हा ढग असण्याचीच शक्यता जास्त, पण फट मिळाली तर आधी फाइंडर काढून ठेवा. मुलं त्यातूनच डोकावतात.