‘आमदाराच्या हातात असते तरी काय?’ या मजकुराला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोबाइलवरून पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या एका मजकुराचा सारांश असा आहे: पर्यावरणाचे कायदे दिल्लीत होतात, आरोग्याच्या योजना मंत्रालयातले सचिव ठरवतात आणि सरकारला जाब विचारायचा तर कोर्ट आहे, त्यामुळे या विषयांवर विधानसभेत तावातावाने बोलणारा आमदार फुकट वेळ घालवतो, आणि वाडीतला रस्ता व देवळापुढचा सभामंडप करून देणारा आमदारच काय तो कामाचा. मजकूर हुशारीने लिहिलेला आहे, कारण त्यातले निम्मे तपशील खरे आहेत. चूक आहे ती त्यांतून काढलेल्या निष्कर्षांत.

पर्यावरण हा केंद्राचा विषय आहे, हा पहिला दावा. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा संसदेचा आहे, किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 2011 आणि 2019 च्या अधिसूचना केंद्राने काढल्या आणि पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राबाबतचा शेवटचा शब्दही केंद्राचाच राहणार आहे, हे सगळे मान्य. पण 1974 साली संसदेने जलप्रदूषणाचा कायदा करण्याच्या पाच वर्षे आधी, म्हणजे 1969 साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला होता, आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 साली स्थापन झाले ते त्याच कायद्याखाली. केंद्राचा कायदा महाराष्ट्राने स्वीकारला तो थेट 1981 साली. लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतली मासळी मेल्याची तक्रार घेऊन खाडीकाठचे मच्छीमार आज ज्या मंडळाच्या दारात उभे राहतात, ते मंडळ राज्य सरकारचे आहे. पाण्याचे नमुने कधी घेतले, त्यांत काय आढळले, सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र पूर्ण क्षमतेने चालते का आणि कोणत्या कारखान्याला नोटीस दिली, या प्रश्नांची उत्तरे मंत्र्याकडून लेखी मिळवण्याचा सोपा मार्ग तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, हा आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार आमदाराला आहे.

समुद्राची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे. प्रादेशिक जलधीच्या, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या, पलीकडची मासेमारी तेवढी केंद्राकडे. मालवण, देवगड, हर्णै, साखरी नाटे इथल्या रापणकरांचे (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांचे) आणि छोट्या गिलनेटवाल्यांचे मोठ्या घेरजाळ्याच्या पर्ससीन बोटींशी, एलईडी दिव्यांच्या मासेमारीशी आणि परराज्यांतून घुसणाऱ्या हायस्पीड ट्रॉलर्सशी जे भांडण आहे, ते बहुतेक याच बारा मैलांतले आहे. त्यावर चालतो तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. तो याच विधिमंडळाने केला आणि 2021 साली दंड वाढवून व तहसीलदारांकडची सुनावणी मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे देऊन याच विधिमंडळाने तो दुरुस्त केला. गस्तीनौका पुरेशा नसतील, दंड वसूल होत नसेल, तर त्याचा जाब दिल्लीला कोण आणि कशासाठी विचारणार? जमिनीचेही तसेच आहे. नाणारच्या रिफायनरीबद्दल कोणाचे मत काहीही असो, तिथली भूसंपादनाची अधिसूचना 2017 साली राज्याच्या औद्योगिक विकास कायद्याखाली निघाली आणि 2019 साली राज्य सरकारनेच ती मागे घेतली.

आता आरोग्य कवच, म्हणजे सरकारी खर्चाने रुग्णालयातले उपचार. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत कोकणातला रायगड होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिच्यात आले ते पुढच्या वर्षी, योजना राज्यभर लागू झाली तेव्हा. नंतर तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, कवच दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत गेले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट सुटली. हे सगळे शासन निर्णयांनी झाले, आमदारांच्या भाषणांनी नव्हे, असे मजकूर म्हणतो, आणि इथेच त्याचा युक्तिवाद त्याच्यावर उलटतो. शासन निर्णयाने दिलेले दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येते; कायद्याने दिलेला हक्क काढायचा असेल, तर सरकारला सभागृहासमोर यावे लागते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय असल्यामुळे राजस्थानच्या विधानसभेला मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा करता आला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा अधिकार त्याहून कमी नाही.

शिवाय कार्डावर पाच लाख लिहिलेले असले, तरी उपचारांसाठी योजनेत अंगीकृत, म्हणजे सामील करून घेतलेले, रुग्णालय आवाक्यात लागते. सिंधुदुर्गातला अत्यवस्थ रुग्ण वर्षानुवर्षे गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात आला आहे. गोवा सरकारने 1 जानेवारी 2018 पासून परराज्यांतील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते. दोन राज्यांच्या सरकारांनी बसून सोडवायचा असा प्रश्न मुंबईत मांडायला लोकप्रतिनिधीच लागतो. सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, रत्नागिरीलाही झाले. तिथे अध्यापकांची आणि तज्ज्ञांची किती पदे भरली आहेत, हे विचारणे हेही आरोग्य कवचाचेच काम आहे.

जाब विचारायला कोर्ट आहे, हा दावा मजकुरात एका ओळीत उरकलेला आहे. कोर्टात जायचे तर हातात कागद लागतात. ते मिळवून देणारा माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राने 2005 साली केला, पण महाराष्ट्राने त्याआधीच, 2000 साली एक आणि तो अपुरा ठरल्यावर 2002 साली दुसरा, असे दोन कायदे केले होते. त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता, हे खरेच; त्या रेट्याचे कायद्यात रूपांतर करायला मात्र विधिमंडळच लागले. 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियमही इथलाच आहे, आणि दाखला वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड त्यात आहे. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी लोकलेखा समिती आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती यांचा तर मजकुराच्या लेखकाला पत्ताच नसावा.

नुसत्या बोलण्याने आणि ठरावांनी काही होत नाही, हा दावा कोकणात बसून कोणी करावा, याचे मात्र नवल वाटते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला, की सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य समाजाला खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला, महाड नगरपालिकेने 1924 साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि सारे कागदावरच राहिले. तेव्हा असा मजकूर लिहिणाऱ्याने हसून घेतले असते. बोले थांबले नाहीत. 1926 साली त्यांनी पुन्हा मागणी केली, की ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचे सरकारी अनुदान रोखावे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, ते मंजूर झालेला हक्क बजावण्यासाठी. पुढे दावे झाले आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्य समाजाच्या बाजूने लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात आंबेडकरांनी विधानसभेत खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक स्वतः मांडले. ते संमत झाले नाही. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले, आणि खोती निर्मूलनाचा कायदा झाला 1949 साली. विरोधी बाकावरच्या आमदाराचे संमत न झालेले विधेयक बारा वर्षांनी सरकारचा कायदा म्हणून आले, आणि आज कोकणात कितीतरी घरांचे सातबारे त्यामुळे आहेत.

अधिवेशने आखडती घेतली जातात आणि गोंधळात प्रश्नोत्तरांचा तास वाया जातो, ही तक्रार रास्त आहे. तरीही पुकारला न गेलेल्या तारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर पटलावर येते.

राहता राहिला सभामंडप. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये आहे; 288 आमदारांचा मिळून 1,440 कोटी होतो. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता, म्हणजे हा सगळा निधी त्याच्या सुमारे पाव टक्क्याहूनही कमी. उरलेल्या पैशांत आरोग्य खात्याच्या, मत्स्यव्यवसायाच्या आणि पर्यावरणाच्या अनुदानाच्या मागण्या येतात. त्या विधानसभेत मतास टाकल्या जातात, त्यांवर कोणत्याही आमदाराला कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देता येते, आणि कोणी काय विचारले हे कार्यवाहीत नावानिशी छापले जाते. मजकुरात या मागण्यांचा उल्लेख एकदाही नाही.