निक्लाउस विर्थ आणि थर्ड इयरचा कंपायलर

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत थर्ड इयर कॉम्प्युटरला टू-पास असेंब्लर आणि मॅक्रोप्रोसेसरची प्रॅक्टिकल्स असतात. पुढे लेक्स आणि याक ही कंपायलरचे काही भाग आयते बनवून देणारी साधनं वापरून एखादं कॅल्क्युलेटर केलं की कंपायलरही (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) उरकला असं धरतात. मग ओरलला एक्स्टर्नलने विचारलं, "आतल्या प्रोसीजरला बाहेरचं व्हेरिएबल सापडतं कसं?" की गाडी अडते. माझं स्पष्ट मत आहे: मिनी प्रोजेक्टला आणखी एक हॉटेल बुकिंगची वेबसाइट करण्यापेक्षा विर्थ यांच्या पीएल-झिरो या छोट्या, शिकण्यापुरत्या भाषेचा कंपायलर स्वतःच्या हाताने लिहा.

कोण हे विर्थ? पास्कलसारख्या प्रोग्रॅमिंग भाषा घडवणारे संगणकशास्त्रज्ञ. जन्म १९३४, स्वित्झर्लंडमधलं विंटरथूर. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून पदवी, कॅनडात मास्टर्स, १९६३ मध्ये बर्कलीला पीएचडी, मग स्टॅनफर्डला शिकवायला. अल्गॉल ६० या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पुढची भाषा कशी असावी यावर तेव्हा समितीत वाद चालला होता. विर्थ आणि टोनी होअर यांचा प्रस्ताव आटोपशीर होता, तो मागे पडला. विर्थ यांनी तोच घेऊन अल्गॉल डब्ल्यू केली. आयबीएम ३६० वर तिचा कंपायलर लिहायला धड साधन नव्हतं, म्हणून आधी पीएल-३६० ही वेगळीच भाषा बनवली. हातात अवजार नसेल तर आधी अवजार घडवायचं, ही सवय शेवटपर्यंत टिकली.

झुरिकला परतल्यावर पास्कल आली, १९७० मध्ये. तिचा पहिला कंपायलर फोरट्रानमध्ये लिहायला घेतला होता आणि तो टाकून द्यावा लागला, कारण कंपायलरला लागणारी डेटा स्ट्रक्चर्स फोरट्रानमध्ये मांडताच येत नव्हती. दुसऱ्या वेळी तो पास्कलमध्येच लिहिला. पास्कलचा कंपायलर तर अजून अस्तित्वातच नव्हता, तेव्हा तो मजकूर एकदा हाताने खालच्या पातळीच्या भाषेत उतरवला आणि तिथून गाडी सुरू झाली. पुढे वेगवेगळ्या मशीनवर नेणं सोपं व्हावं म्हणून पी-कोड आला: कंपायलर एका काल्पनिक स्टॅक मशीनचा कोड काढणार, नव्या मशीनवर फक्त इंटरप्रिटर लिहायचा. जावाचा बाइटकोड शिकवताना हा वारसा सांगायलाच हवा.

पास्कलमध्ये दोष होते आणि ते साधे नव्हते. अॅरेची लांबी टाइपचाच भाग असल्यामुळे १० घटकांच्या अॅरेसाठी लिहिलेली सॉर्टिंगची प्रोसीजर २० घटकांना चालत नसे. फाइली वेगवेगळ्या कंपाइल करायची सोयही मूळ भाषेत नव्हती. मोड्युला-२ मध्ये मोड्यूल आणि ओपन अॅरे (लांबी आधी न ठरवलेला अॅरे) आणून त्यांनी दोन्ही दुरुस्त केलं. ही भाषा आली ती एका अख्ख्या कॉम्प्युटरसोबत. १९७६-७७ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आल्टो हा कॉम्प्युटर पाहिल्यावर झुरिकला परत येऊन लिलिथ बांधला: माउस, बिटमॅप स्क्रीन, एएमडी २९०१ चिपांचा प्रोसेसर, वरचं सॉफ्टवेअर मोड्युला-२ मध्ये. १९८४ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यानंतर युर्ग गुटक्नेख्त यांच्याबरोबर ओबेरॉन, भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही. ओबेरॉन करताना त्यांनी मोड्युला-२ मधून एन्युमरेशन, सबरेंज, व्हेरियंट रेकॉर्ड, अगदी फॉर लूपसुद्धा काढून टाकलं. फॉर काढणं मला पटत नाही. ओबेरॉन-२ मध्ये तो परत आलाच. पण प्रत्येक सोयीला "तू कशाला हवीस?" असं विचारणारा भाषाकार दुर्मीळच. कंपायलरमध्ये एखादं ऑप्टिमायझेशन घालायचं का, याचा त्यांचा निकषही असाच कडक: ते घातल्यावर कंपायलरला स्वतःला कंपाइल करायला जास्त वेळ लागत असेल तर ते नको.

१९९९ मध्ये निवृत्त झाले तरी हात थांबला नाही. ओबेरॉन ज्या प्रोसेसरवर चालायचा तो मिळेनासा झाला, तेव्हा त्यांनी व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहायच्या भाषेत स्वतःचा ३२ बिटांचा रिस्क (मोजक्या, सोप्या इन्स्ट्रक्शनचा) प्रोसेसर लिहिला, तो एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप) बोर्डवर बसवला आणि २०१३ मध्ये सगळी सिस्टिम त्यावर पुन्हा उभी केली. तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. १ जानेवारी २०२४ ला ते गेले.

आता पीएल-झिरोकडे. १९७६ च्या पुस्तकात त्यांनी ही शिकण्यापुरती भाषा दिली. टाइप एकच, पूर्णांक. कॉन्स्टंट, व्हेरिएबल, एकात एक प्रोसीजर, इफ, व्हाइल, कॉल. मशीनच्या इन्स्ट्रक्शन फक्त आठ: लिट (स्थिरांक स्टॅकवर ठेवा), ओपीआर (गणित-तुलना करा), लॉड (व्हेरिएबल वाचा), स्टो (व्हेरिएबलमध्ये भरा), कॅल (प्रोसीजर बोलवा), इंट (स्टॅकवर जागा राखा), जेएमपी (उडी मारा), जेपीसी (कंडिशन खोटी असेल तर उडी मारा). पार्सर, म्हणजे प्रोग्रॅमची रचना ओळखणारा भाग, रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीचा, म्हणजे ग्रामरच्या प्रत्येक नियमाला एक फंक्शन. सगळं मिळून काहीशे ओळींत बसतं, सेमिस्टरमध्ये आरामात होतं. सी, पायथन, काहीही चालेल.

मुलं अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली वजाबाकी. एक्स्प्रेशनचं फंक्शन उजवीकडे स्वतःलाच कॉल करत असेल तर १०-३-२ चं उत्तर ५ ऐवजी ९ येतं. तिथे रिकर्शन नको, लूप हवा: एक टर्म वाचा, पुढे अधिक-उणे दिसेल तोवर पुढची टर्म वाचा आणि लगेच ओपीआर काढा.

दुसरी व्हाइल. कंडिशनच्या आधीचा कोड इंडेक्स जपायचा, कंडिशननंतर जेपीसी काढून पत्ता तूर्त शून्य ठेवायचा आणि त्या जेपीसीचा इंडेक्सही जपायचा. बॉडी संपली की पहिल्या इंडेक्सकडे जेएमपी, मग त्या शून्याच्या जागी पुढच्या इन्स्ट्रक्शनचा इंडेक्स भरायचा. हे दोन इंडेक्स ग्लोबल ठेवले तर आतला व्हाइल बाहेरच्याचे पुसून टाकतो. लोकलच हवेत.

तिसरी जागा म्हणजे स्टॅक फ्रेम (प्रत्येक कॉलला स्टॅकवर मिळणारी जागा), आणि खरा अभ्यास इथे आहे. प्रत्येक फ्रेमचे पहिले तीन कप्पे राखीव: स्टॅटिक लिंक, डायनॅमिक लिंक, रिटर्न अॅड्रेस. म्हणून व्हेरिएबलचे पत्ते ३ पासून सुरू होतात. डायनॅमिक लिंक सांगते कोणी कॉल केलं. स्टॅटिक लिंक सांगते प्रोसीजर कोणाच्या आत लिहिली आहे. लॉड आणि स्टो यांना लेव्हलचा (प्रोसीजर किती आत लिहिली आहे त्याचा) फरक मिळतो आणि तेवढ्या पायऱ्या स्टॅटिक लिंकवरूनच उतरायच्या. कोणी डायनॅमिकवरून उतरलं तरी साधे प्रोग्रॅम बिनबोभाट चालतात, म्हणून चूक महिनाभर लपते. ती पकडायला ही टेस्ट लिहा: मेनमध्ये व्हेरिएबल एक्स, मेनच्या आत शेजारी-शेजारी दोन प्रोसीजर पी आणि क्यू, पीला स्वतःचं वाय. क्यू एक्समध्ये ७ भरते. मेनने क्यूला थेट बोलावलं तर सगळं ठीक. पीमार्फत बोलावलं की चुकीचा इंटरप्रिटर एक पायरी उतरून पीच्या फ्रेममध्ये पोचतो, तिथे पत्ता ३ वर वाय बसलेला असतो, आणि ७ वायमध्ये जातो. एररही येत नाही. वाय छापून पाहिला तरच कळतं.

मूळ पीएल-झिरोला इनपुट-आउटपुट नाही. इंटरप्रिटर प्रत्येक स्टोला किंमत छापतो. सुरुवातीला तेच ठेवा, डिबगिंगला फार उपयोगी पडतं.

"याचा नोकरीत काय उपयोग?" हा प्रश्न हिंजवडी समोर ठेवून विचारला जातो, तर त्याचंही सरळ उत्तर आहे. कुबर्नेटीस आणि डॉकर ही सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायची साधनं ज्या गो भाषेत आहेत, तिच्या तीन कर्त्यांपैकी रॉबर्ट ग्रीझमर ईटीएचमध्येच शिकले, आणि गोच्या पॅकेजांत मोड्युला-ओबेरॉनचा वारसा आहे.

प्रोजेक्ट पूर्ण झाला आणि वेळ उरला तर आधी एल्स जोडा, मग प्रोसीजरला पॅरामीटर. अॅरे सर्वांत शेवटी, कारण इंडेक्स रन-टाइमला ठरतो आणि लॉड-स्टोचा पत्ता कंपाइल करतानाच पक्का होतो. त्यासाठी स्टॅकवरून पत्ता घेणाऱ्या दोन नव्या इन्स्ट्रक्शन लागतील. त्याच वेळी अॅरेची मर्यादा तपासणारा कोडही घाला, नाहीतर हद्दीबाहेरचा इंडेक्स पलीकडचं व्हेरिएबल गुपचूप बदलून जाईल.