ताण हा पेशीसाठी संदेशही असतो

‘फ्री रॅडिकल्स म्हणजे निव्वळ विष, म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या’ हा तुमच्याकडे छापून आलेल्या लेखातला निष्कर्ष मला पटला नाही. फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशीत बनणारे, चटकन अभिक्रिया करणारे रेणू; अँटिऑक्सिडंट त्यांना निकामी करतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही.

फ्री रॅडिकल्ससारखे रेणू वाढले की पेशीवर ताण येतो. पेशी हा ताण ओळखते आणि त्यावरून ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःतला मोडका माल पचवणं, वाढवते. एटीजी४ हे एन्झाइम घ्या. मोडका माल गोळा करणाऱ्या पिशवीच्या पटलावर एलसी३ प्रथिन चिकटलेलं असतं आणि एटीजी४ ते सोडवतं. पेशी उपाशी असताना हायड्रोजन पेरॉक्साइड, हे फ्री रॅडिकल्सच्याच जातकुळीतलं रसायन, वाढतं, एटीजी४मधल्या एका सिस्टीनचं (प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाचं) ऑक्सिडीकरण होतं, सोडवण्याचं काम थांबतं आणि पिशव्या वाढतात. २००७ मध्ये हे दाखवलं गेलं. मला तर यातलं नेमकेपण अजून थक्क करतं! दुसरी वाट एटीएम प्रथिनाची : हा ताण जाणवला की ते एएमपीके आणि टीएससी२ या प्रथिनांमार्फत एमटॉरला, म्हणजे ऑटोफॅजी रोखून धरणाऱ्या प्रथिनाला, आवरतं, की ऑटोफॅजीवरचा लगाम सुटला.

अर्थात मर्यादा आहे. आमच्याकडे वावरात पॅराक्वाट हे तणनाशक फवारतात. हिरव्या पानात ते उन्हात सुपरऑक्साइड या फ्री रॅडिकलचा असा लोंढा आणतं की तण दुसऱ्या दिवशी होरपळलेलं दिसतं. ते पोटात गेलं तर माणसाच्या फुफ्फुसातही तोच प्रकार होतो, आणि त्यावर उतारा नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील असेच गेले.

थोडा ताण आणि हा लोंढा यांतला फरक लेखात यायला हवा. लेखकांनी तेवढी दुरुस्ती करावी, ही विनंती.