आधी हिची तपासणी करा

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि पाळणा हलत नाही? मग आधी बायकोला तपासायला पाठवा. सोनोग्राफी, थायरॉईड, एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याची रक्ततपासणी), गर्भनलिकांचा एक्स-रे, सगळं होऊ द्या. तुम्ही खाली गाडीत बसा. वीर्यतपासणीला ना सुई लागते ना भूल, खर्चही बेताचा. म्हणून तर ती सगळ्यात शेवटी करायची. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही कारण निघतं म्हणे. निघत असेल, लोकांच्या घराण्यात.

शुक्राणूंना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो, म्हणून निसर्गाने वृषण बाहेर ठेवले. ही चूक तुम्ही लॅपटॉप मांडीवर घेऊन दुरुस्त करा. जोडीला घट्ट जीन्स आणि गालात पुडी. जिममधला दादा टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर जरूर घ्या. बाहेरून आयता माल आला की मेंदू वृषणांना पाठवायची ऑर्डर थांबवतो. दंड फुगतात आणि खालचा कारखाना बंद. डॉक्टरांना मात्र यातलं काही सांगू नका, उगाच गैरसमज होतो.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज सिगारेट सोडली तर फरक तिसऱ्या महिन्यात दिसणार. तेव्हा सोमवारी सोडा, शनिवारी ‘काही उपयोग नाही’ म्हणून पेटवा.

आता तिच्याकडे वळू. मुलगी जन्मतानाच दहा-वीस लाख स्त्रीबीजं घेऊन येते, नवी बनत नाहीत, आणि पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्याने घसरतात. हे तिला प्रत्येक बारशाला, पंगतीत, मोठ्याने ऐकवा. एएमएचवरून फक्त साठ्याचा अंदाज येतो, दर्जा कळत नाही. तरी तो आकडा आत्याबाईंपर्यंत पोचवा. गर्भ राहण्याआधीपासून घ्यायची ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी मिळते काही रुपयांत, मग तिच्यावर विश्वास कसा बसणार? त्यापेक्षा इन्स्टावरची ‘बीज-शुद्धी’ पावडर मागवा. डबा तरी मोठा येतो.

शुक्राणू आत पाच दिवस तग धरतात, बीज जेमतेम एक दिवस. म्हणजे महिन्यातले कामाचे दिवस सहा. नेमके तेच धरून आईला मुक्कामाला बोलवा. वन रूम किचनमध्ये बाहेर कीर्तन चालू असलं की वातावरण कसं प्रसन्न राहतं!

एवढं करूनही कुणी तुम्हाला लॅबमध्ये नेलंच आणि रिपोर्टवर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणूंपेक्षा कमी आकडा आला, तर डॉक्टर म्हणतील, एका रिपोर्टवर काही ठरत नाही, पुन्हा करू. तुम्ही फक्त पहिलं अर्धं वाक्य ऐका. कागदाची घडी घालून गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली ठेवा आणि आईला फोन लावा: “अगं, हिला अजून एक गोळी सुरू केलीय.”