इंग्लंडशी पत्रिका जुळते का?

इंग्लंडात पत्रिका बघत नाहीत, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मूल शाळेत घालायला निघालं की ती फिटते. ३१ ऑगस्टला रात्री पावणेबाराला जन्मलेलं बाळ आणि अर्ध्या तासानं, म्हणजे १ सप्टेंबरला सव्वाबाराला जन्मलेलं बाळ, ही दोघं शाळेत अख्ख्या एका वर्षाच्या अंतरानं बसतात. पहिल्याला चार पूर्ण झाले की लगेच त्याच आठवड्यात रिसेप्शन, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग. अजून स्वतःच्या जॅकेटची चेन लागत नाही, पण गणवेश चढलेला असतो. दुसरं पाच वर्षांचं होईपर्यंत घरी आरामात. एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांना एक वर्ष थांबवा, अशी विनंती करता येते, ती मान्य होईलच असं नाही. आपल्याकडचा ज्योतिषी निदान ग्रहशांत तरी सांगतो.

तेव्हा ‘मुलांना वाढवायला इंग्लंड चांगलं का हो?’ असं पुण्याहून कोणी विचारलं, की मी म्हणेन, आधी मुलाची जन्मतारीख सांगा.

जन्मवेळेनंतर येते वास्तू. घराला बाग आहे का, स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, हे नंतर. आधी घरापासून शाळा किती लांब ते बघायचं, प्रवेश त्यावर ठरतो. बहुतेक कौन्सिल, म्हणजे इथल्या नगरपालिका, हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजतात, तेही मैलाच्या दशांशचिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत. मधे रेल्वेचे रूळ असोत की कालवा, मुलाला वळसा घालून जावं लागतं, रेषेला नाही. गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावर थांबला, हा आकडा कौन्सिलकडे मिळतो आणि भाड्याचं घर शोधताना तोच हातात धरायचा असतो. अर्थात हा आकडा दर वर्षी हलतो. एखाद्या वर्षी मोठ्या भावंडांच्या मागून धाकट्यांची रांग लागली, की वर्तुळ आक्रसतं आणि नेमकं आपलं घर पलीकडच्या फुटपाथवर राहतं.

मुहूर्त म्हणाल तर अर्जाचा शेवटचा दिवस १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलला. लंडनमध्ये सहा शाळांची नावं देता येतात, इतरत्र सहसा कमी. इथे आपली माणसं हमखास एक चूक करतात. एकाच शाळेचं नाव लिहितात, म्हणजे आपली निष्ठा दिसेल. कौन्सिलला निष्ठेशी काही देणंघेणं नसतं. ती शाळा भरली की जिथे जागा उरली असेल तिथे मूल जातं, आणि जागा उरलेली शाळा दोन बस बदलून येते. दुसरी भीती अशी, की अमक्या शाळेला दुसरा क्रमांक दिला तर ती रुसेल. शाळेला क्रमांक कळतच नाही. तेव्हा आवडीच्या खऱ्या क्रमानं सगळ्या जागा भराव्यात आणि त्यात घराजवळची एक खात्रीची ठेवावी, मग ती रंगानं कशीही असो.

शाळा बरी की वाईट हे पूर्वी ऑफस्टेड, म्हणजे शाळा तपासणारं सरकारी खातं, एका शब्दात सांगायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो एक शब्द बंद झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून प्रगतिपुस्तकासारखं रिपोर्ट कार्ड आलं, त्यात प्रत्येक बाबीचा वेगळा शेरा. शाळांवर अन्याय कमी झाला असेल, पण पालकांची पंचाईत झाली. ‘मुलगा इंजिनिअर’ एवढ्यावर स्थळ ठरवणाऱ्यांना आता स्वभावसुद्धा वाचायला लागला.

एवढं झालं की मूल शाळेत जातं आणि सव्वातीनला परत येतं. खरी परीक्षा इथून सुरू होते, आणि ती आईबापांची असते. हिशेब करून बघा. वर्षात सोमवार ते शुक्रवारचे दिवस २६०. शाळा भरते १९० दिवस. उरले ७०. कायद्यानं किमान भरपगारी रजा २८ दिवस, त्यात बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, धरलेले असू शकतात. दोघांचे मिळून ५६ होतात असं वाटतं, पण आठ बँक हॉलिडे दोघांना एकाच दिवशी मिळतात. म्हणजे आठ, वीस आणि वीस, एकूण ४८. नवराबायकोनं वर्षभरात एकही रजा एकत्र घेतली नाही, आजारी मूल म्हणून एकही घालवली नाही, तरी २२ दिवस उघडे राहतात. या २२ दिवसांसाठी हॉलिडे क्लब असतात. त्यांतले कित्येक नऊला उघडतात आणि तीनला मिटतात, कारण ते चालवणाऱ्यांनाही मुलं आहेत.

आजी येते ती या २२ दिवसांसाठी. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी सहा महिने. त्या सहा महिन्यांत तिनं काय काय बघायचं, याची मोठी यादी विमानतळावरून येतानाच वाचून दाखवतात. प्रत्यक्षात ती शाळेचं फाटक, कोपऱ्यावरचं दुकान आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत पडणारा अंधार बघते.

शाळेच्या आधीची वर्षं तर आणखी अवघड. सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्या आईबापांना मूल नऊ महिन्यांचं झाल्यापासून आठवड्याला ३० तास पाळणाघर सरकारी खर्चानं मिळतं. हे ३० तास वर्षातले ३८ आठवडेच. बारा महिन्यांवर पसरले की आठवड्याला २२ तास सुद्धा भरत नाहीत. जेवण, लंगोट, सनक्रीम यांचे पैसे वेगळे. आणि दोघांतल्या एकाचीही वार्षिक कमाई १ लाख पौंडांवर गेली की सगळे तास बंद. दोघं प्रत्येकी ९९ हजारांवर असतील तर मात्र चालू. त्यामुळे पगारवाढ जाहीर झाल्यावर चेहरा पाडून ती पेन्शनमध्ये टाकायला धावणारा बाप फक्त या देशात दिसतो. वर्क व्हिसावर दोघंही असतील आणि व्हिसावर सरकारी मदत बंद असल्याचा शेरा असेल, तर हे ३० तासही नाहीत आणि चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलामागे मिळणारा सरकारी भत्ता, तोही नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना मिळणारे १५ तास मात्र सर्वांना आहेत.

दवाखान्याचं म्हणाल तर फुकट, असं सगळे सांगतात. बहुतेक व्हिसावाल्यांनी त्याचे पैसे व्हिसाबरोबर आधीच भरलेले असतात, मुलामागे वर्षाला ७७६ पौंड, मोठ्या माणसामागे १,०३५. सोळा वर्षांखालच्यांना औषधाचे पैसे पडत नाहीत, हे खरंच मोठं सुख. फक्त औषध लिहून मिळायला हवं. आपल्याकडे डॉक्टरकडून तीन बाटल्या आणि एक इंजेक्शन घेतल्याशिवाय आईचं समाधान होत नाही. इथे कान, घसा, छाती नीट तपासतात आणि विषाणूजन्य आहे म्हणतात, पॅरासिटामॉल आणि पाणी द्या, तीन दिवसांनी बरं नसेल तर फोन करा. त्यांचं म्हणणं बरोबर आहे; विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. पण रात्री दोनला १०२ तापात हे बरोबर असणं फारसं उपयोगी पडत नाही.

नर्सरीतला ४८ तासांचा नियमही तसाच. उलटी किंवा जुलाब झाले, की शेवटच्या वेळेपासून ४८ तास मूल घरी. अकरा वाजता खोकताना घशात बोट घातल्यासारखं होऊन दूध बाहेर आलं, साडेअकराला फोन, बाराला मूल घरी, आणि सव्वाबाराला तेच मूल सोफ्यावरून उड्या मारतंय. फी चालूच. आणखी एक गंमत म्हणजे क्षयाची बीसीजी लस इथे सरसकट देत नाहीत. आईबाप किंवा आजीआजोबा भारतात जन्मलेले असतील तर मात्र बाळाला ती देऊ करतात. म्हणजे आपलं कुळ, मूळ, गाव लसीकरणाच्या नोंदीत आलंच. वर पाचाखालच्या मुलांना रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवायची आपली रीत इथे बाटलीतून पाजावी लागते.

आता डबा. पहिल्या तीन वर्षांत, म्हणजे रिसेप्शन, इयर १ आणि इयर २ मध्ये, सरकारी शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट आहे, व्हिसा कुठलाही असो. शाकाहारी पानात भाजलेला सालासकट बटाटा आणि त्यावर टोमॅटोच्या रसातल्या बीन्स येतात. मुलं ते आवडीनं खातात, हे पचवायला वेळ लागतो. ज्यांना घरचाच डबा हवा त्यांची खरी कसोटी शेंगदाण्याशी. बहुतेक शाळांत दाणे बंद. कारण पक्कं आहे. वर्गात एखाद्याला अशी ॲलर्जी असते की दाण्याचा कण लागला तरी श्वास अडतो आणि मांडीत इंजेक्शन टोचावं लागतं. तिथे हसण्यासारखं काही नाही. हसू येतं ते आपल्या स्वयंपाकघराकडे बघून. साबुदाण्याची खिचडी गेली. काकडीची कोशिंबीर गेली, कूट असतं. भरली वांगी, चिक्की, दाण्याचा लाडू, दाण्याची चटणी, सगळं गेलं. मराठी माणसाच्या घरात कूट कुठे नाही हे शोधायला शाळेचं एक परिपत्रक लागतं.

पुढे कायद्यात ॲलर्जीच्या १४ गोष्टींची यादी आहे, त्यात तीळ आहेत आणि मोहरीसुद्धा. म्हणजे संक्रांतीला वर्गात वाटायला नेलेला तिळगूळ एका वडीत यादीतल्या दोन गोष्टी घेऊन जातो. आणि फोडणी? पॅकबंद पदार्थावर ‘मोहरी’ ठळक अक्षरांत छापतात. घरच्या डब्यावर कोण छापणार, म्हणून तुपातली जिऱ्याची फोडणी, दहीभात, पोळीचा गूळतूप लावलेला रोल आणि काकडीचे नुसते काप, एवढ्यावर निभतं. रोल तिरका कापून कागदात गुंडाळला तर त्याला रॅप म्हणतात आणि शेजारचं मूल अर्धा मागतं.

शाळा बुडवायचं तर नाव काढू नका. दहा शाळा-आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंड, प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड. २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दोन पालक, दोन मुलं, म्हणजे वेळेत भरूनही ३२०. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६० च्या दरानं, तिसऱ्यांदा कोर्टाची पायरी. मामाच्या लग्नाला हा आहेर परवडतो का, ते ज्यानं त्यानं बघावं. सुट्टीतली विमानाची तिकिटं पाहिली की कधीकधी दंडच स्वस्त पडतो, हे मात्र लोक हळू आवाजात बोलतात. सणाचा एखादा दिवस शाळा सहसा मान्य करते. हजेरी सकाळची आणि दुपारची अशी दोनदा लागते, त्यामुळे दीड दिवसाचा गणपती बरोबर तीन हजेऱ्यांचा होतो, आणि त्यातली तिसरी वादग्रस्त. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले, शाळा उघडायच्या आधी. २०२६ मध्ये ते १४ सप्टेंबरला, सोमवारी. बाप्पाला इथलं शाळेचं कॅलेंडर कोणी पाठवत नाही.

मग उरते उन्हाळ्याची सुट्टी, जुलैअखेरपासून सहा आठवडे. या मुलांचा महाराष्ट्र म्हणजे फक्त जुलै-ऑगस्टचा महाराष्ट्र. हापूस संपलेला, समुद्रावर जायचं नाही, अंगणात शेवाळ, वाळत घातलेले कपडे चार दिवस ओले, घाटात दरड. मूल परत येऊन वर्गात सांगतं की भारतात फार पाऊस पडतो. इंग्लंडमधल्या मुलानं हे म्हणावं!

अभ्यासाचं ओझं नाही, अशी जी ख्याती आहे ती अर्धी खरी. इयर १ च्या शेवटी, जूनमध्ये, अक्षरं जुळवून वाचण्याची एक चाचणी होते. ४० शब्द, त्यातले २० मुद्दाम निरर्थक, आणि निरर्थक शब्दाशेजारी एका परग्रहवासी प्राण्याचं चित्र, म्हणजे मुलानं अर्थ शोधत बसू नये. ‘लिहिलंय तसं वाच’ हे आपल्याला बाराखडीत मिळतं, इंग्रजीला त्यासाठी परग्रहावरून माणसं आणावी लागतात. पण या तयारीचा एक फायदा होतो. एकदा असले वीस शब्द वाचता आले की वर्गातल्या बाकीच्या मुलांना ‘कुलकर्णी’ अवघड जात नाही. बाईंना जातं.

इयर ४ मध्ये पाढ्यांची परीक्षा: संगणकावर २५ प्रश्न, बारापर्यंतचे पाढे, प्रत्येक उत्तराला सहा सेकंद. इथे आजी पुढे सरसावते. बारा सत्ते चौऱ्याऐंशी म्हणायला सहा सेकंद कशाला, दीड पुरे. अडचण एवढीच, की नातवाला ‘चौऱ्याऐंशी’ म्हणजे ऐंशी आणि चार हे उलगडायला नऊ सेकंद लागतात. आपल्याकडे चार आधी आणि ऐंशी नंतर, त्यांच्याकडे उलटं. दोन्ही भाषांत पाढे पाठ करणाऱ्याचं बोट कीबोर्डवर ४८ दाबून मोकळं होतं.

आणि भाषा. जीसीएसईला, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेला, गुजराती आहे, पंजाबी, बंगाली, उर्दू आहे, मराठी नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण मंडळात मूल महिन्यातून एकदा जातं आणि शाळेत आठवड्यातून पाचदा. घरात मराठीतच बोलायचं असा नियम सगळे करतात. नर्सरीत गेल्यापासून मूल प्रश्न मराठीत ऐकतं आणि उत्तर इंग्रजीत देतं. वर्षभरात आईबापही इंग्रजीत विचारायला लागतात, हे त्यांना स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. माझ्या मते या देशाच्या पत्रिकेतला खरा मंगळ इथे आहे. बाकी बागा मोकळ्या, वाचनालयं फुकट, उन्हाळ्यात सहा पुस्तकं वाचली की पदक, रस्ता ओलांडताना गाड्या थांबतात. याला नाही म्हणणं कठीण.

शेवटी रविवारी व्हिडिओ कॉलवर आत्या थेट मुलालाच विचारते, ‘काय रे, तुला इथे आवडतं की तिथे?’ जूनमधले संध्याकाळचे सात वाजलेले, बाहेर लख्ख उजेड, काळे पडदे ओढूनही झोपायला तयार नसलेलं मूल म्हणतं, ‘इथे.’ आत्याच्या डोळ्यांत पाणी. आईबाप एकमेकांकडे बघतात आणि कोणीच काही दुरुस्त करत नाही.